फलक क्रमांक चार: 'चेहरा आणि कॅमेरा' प्रदर्शनाच्या नोंदी

११ जून २०२५

काम पक्कं झालं. बारा फलक, तीन बाय दोन फूट, सनबोर्डवर. विषय: चेहऱ्यावरचे भाव शास्त्रासाठी कॅमेऱ्यात पकडायचे पहिले प्रयत्न, साधारण १८५० ते १९००. आधी शहरातलं एक कॉलेज, मग तालुक्याच्या शाळा. मजकूर माझा. शरीरशास्त्र तपासणार सर (शिकवण्यातून निवृत्त झालेत, तपासण्यातून नाही). मांडणी भाच्याची, छपाई नेहमीच्या दादांकडे. मुदत जुलैअखेर. पैसे मोजण्याइतके नाहीत, म्हणून मोजत बसत नाही.

सरांचा पहिलाच प्रश्न: "मुलं दिवसाला पन्नास सेल्फी काढतात. त्यांना जुन्या फोटोंचं काय अप्रूप?" उत्तर फलक एकवर द्यावं लागणार.

१४ जून

फलक १ लिहिला. सुरुवात एका खेळाने: मनापासून हसा, मग ते हसू तसंच धरून दहा आकडे मोजा. मी आरशासमोर करून बघितलं. चारपर्यंत हसू होतं, सहाला नुसतं दात विचकणं उरलं.

अडचण हीच होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत आणली. काचेवर चिकट द्राव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुवायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा. आधीच्या मानाने हे फारच जलद, पण काच प्रकाशाला काही सेकंद तरी दाखवावी लागेच. दचकणं, किळस, भीती तेवढा वेळ थांबत नाहीत. म्हणून त्या काळच्या फोटोंतली माणसं गंभीर दिसतात. आपल्या पणजोबांचे फोटो आठवा असं लिहिलं होतं, पण कुणाच्या घरी पणजोबांचे फोटो असतात हाही प्रश्नच आहे. ते वाक्य काढलं.

म्हणजे भाव टिपायचा तर दोनच वाटा होत्या. एक नटाकडून सोंग करून घेणं. दुसरी म्हणजे तो भाव चेहऱ्यावर जबरदस्तीने धरून ठेवणं.

१७ जून

फलक ३ आणि ४. दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस: गियोम ड्यूशेन. जन्म १८०६, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बुलोन्य हे बंदराचं गाव, घराणं दर्यावर्दी. १८४२ मध्ये पॅरिसला आला. सालपेत्रिएर हे तिथलं बायकांचं प्रचंड रुग्णालय. तिथे याला हुद्दा काही नव्हता. विजेची पेटी घेऊन वॉर्डावॉर्डातून हिंडायचा आणि सापडेल त्या रुग्णाचे स्नायू तपासायचा. आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडी त्याचं नाव रोज असतं, लहान मुलग्यांच्या स्नायूंच्या त्या असाध्य आजारामुळे: ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. तोच हा.

त्याच्याआधी वीज द्यायची तर स्नायूत सुया खुपसत. त्याने दोन ओली टोकं नुसती कातडीवर टेकवून, वेटोळ्यातून येणाऱ्या प्रवाहाने, एकच स्नायू आखडून दाखवला. पुढची उडी म्हणजे चेहरा. स्नायू विजेने आखडलेला राहतो, तोवर काचेवर प्रतिमा उमटते. सेकंदांची अडचण अशी सुटली. काही फोटोंसाठी आद्रियाँ तुर्नाशों मदतीला होता, प्रसिद्ध छायाचित्रकार नादारचा धाकटा भाऊ. बाकीचे ड्यूशेनने स्वतः शिकून काढले. १८६२ मध्ये पुस्तक निघालं.

त्यातल्या बऱ्याच फोटोंत एकच म्हातारा आहे. दात पडलेले, गाल बसलेले, कपाळभर सुरकुत्या. मागून किंवा बाजूने दोन हात येतात, हातात दोन दांडे, त्यांची टोकं म्हाताऱ्याच्या गालाला, कपाळाला, मानेला लावलेली. तो कधी हसतो, कधी किंचाळतो, कधी रडतो. धंद्याने चांभार होता. चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, त्यामुळे त्याला दुखत नव्हतं आणि ड्यूशेनला सावकाश काम करता येत होतं. ड्यूशेनने स्वतःच लिहून ठेवलंय की या माणसावर प्रयोग करणं म्हणजे अजून उत्तेजित होणाऱ्या प्रेतावर काम करण्यासारखं होतं. त्याच्या बेताच्या बुद्धीचाही उल्लेख केलाय. नावाचा मात्र नाही.

फलक चारसाठी मी मथळा लिहिला होता: "भय. ड्यूशेन यांनी टिपलेला भाव." सरांना पाठवला, त्यांचा अंगठा आला. ठीक.

१९ जून

ठीक नाही. रात्री झोप लागली नाही. हे काम मी का घेतलं ते कुणाला सांगितलेलं नाही, निदान इथे तरी लिहावं.

२०११ मध्ये एके सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या कोपऱ्यातून गळून छातीवर आलं. आरशात बघितलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. आई म्हणाली, वारा लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, रात्री पंख्याखाली झोपलीस का? डॉक्टर म्हणाले, बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. गोळ्या, डोळा मिटत नव्हता म्हणून रात्री त्यावर चिकटपट्टी, आणि महिनाभर फिजिओथेरपी.

फिजिओथेरपी म्हणजे करंट. ओली पट्टी मानेला, पेनासारखं टोक गालाला, आणि दर काही सेकंदांनी गाल आपोआप वर उचलला जायचा. त्या यंत्राला तिथे सगळे फॅरॅडिक म्हणत. हा शब्द ड्यूशेनच्या पेटीतून आलाय हे मला परवा वाचताना कळलं. फरक एवढाच की माझ्या कातडीची संवेदना शाबूत होती (चेहरा हलवणारी नस वेगळी, जाणवून देणारी वेगळी). मुंग्या चावाव्यात तसं होई, डोळ्यांतून पाणी येई. मी हसत नव्हते आणि माझा गाल हसत होता. हे दुसऱ्याला सांगून समजत नाही.

एक दिवस तिथे पाच-सहा विद्यार्थी आले. "बघा, इथली घडी गेलीय. मॅडम, डोळे मिटा. बघा, बुबुळ वर गेलं." कुणीतरी मोबाईल काढला. मला विचारलं नाही. मी नको म्हटलं नाही. तेव्हा तोंडातून शब्दही नीट फुटत नव्हते, प फ ब भ सगळे ओठातून वाऱ्यासारखे निसटायचे. वर्षभराने ओळखीच्या एका मुलीने कुठल्याशा सेमिनारच्या भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो पाठवला, "ही तू तर नव्हेस?" मीच होते. ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारतात ना, ती होती. पण न मिटणारा डोळा हेच तर लक्षण, तो दिसायलाच हवा. म्हणून पट्टी फक्त उजव्या, चांगल्या डोळ्यावर मारली होती. मला बरेच दिवस त्याचं हसूच येत होतं. राग नंतर आला.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथेच मी बरी झाले.

२० जून

फलक चारचा मथळा खोडला. फोटोत भय आहे असं मी कुठल्या आधारावर लिहिलं? म्हातारा भ्यालेला नव्हता. मानेच्या कातडीखालचा पातळ स्नायू, कपाळाचा स्नायू, खाली ओढलेला जबडा आणि वीज, एवढं त्या फोटोत आहे. नवा मथळा: "मानेच्या आणि कपाळाच्या स्नायूंना वीज देऊन तयार केलेला चेहरा. बसलेला माणूस: एक चांभार, नाव नोंदलेलं नाही. उभा: डॉ. ड्यूशेन."

सरांचा फोन. "हे तपासणी-अहवालासारखं वाटतंय. मुलं 'भय' वाचून थांबतील, 'मानेचा स्नायू' वाचून पुढे जातील." त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी मथळा हाच राहणार. 'भय' हा शब्द खाली लहान अक्षरांत, ड्यूशेनने दिलेलं नाव म्हणून.

२३ जून

पालख्यांचे दिवस, रस्त्यावर दिंड्या. दादांचं दुकान दुपारी बंद. घरी बसून फलक ५ केला, स्नायूंच्या नावांचा. आतापर्यंतचा सगळ्यात मजेचा.

ड्यूशेनने एकेका स्नायूला एकेक भावना वाटून दिली. कपाळाचा तो लक्ष देण्याचा. दोन भुवयांना जवळ आणणारा दुःखाचा. नाकाच्या मुळाशी बसलेला आक्रमकपणाचा. गालावरून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारा आनंदाचा. नाकपुडीवरच्या आडव्या स्नायूला त्याने चक्क कामुकतेचं खातं दिलंय (शाळांच्या संचात हा गाळला). देवाने माणसाला ही भाषा दिली, ती सगळीकडे सारखी, कधी न बदलणारी, अशी त्याची श्रद्धा होती. मी फक्त तिचं व्याकरण लिहितोय, असा सूर.

मराठीने हे काम विजेवाचून केलंय. आठ्या घालणं, भुवई उडवणं, नाक मुरडणं, तोंड पाडणं, ओठ काढणं, दात विचकणं, गाल फुगवणं. एकेक क्रियापद म्हणजे एकेक स्नायू, जवळपास. सरांना यादी पाठवली, ते खूश. त्यांनी भर घातली: "तोंड वेंगाडणं राहिलं. त्याला निदान पाच स्नायू लागतात." फलकावर डावीकडे स्नायू, उजवीकडे क्रियापद. आपल्या बोलीत एक गोष्ट बरी आहे: नाक मुरडलं म्हणजे मनात काय आलं ते क्रियापद सांगून टाकत नाही, संदर्भ सांगतो. भाजी कडू असेल, नाहीतर सून आवडली नसेल.

ड्यूशेनचं एक निरीक्षण मात्र टिकलं. आनंदाचं हसू गालाच्या आणि डोळ्याभोवतीच्या स्नायूंनी मिळून होतं. गालाचा हुकमाने हलतो, डोळ्याभोवतीचा हुकूम मानत नाही, म्हणून खोटं हसू डोळ्यापर्यंत पोचत नाही. १९९० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी या हसण्याला ड्यूशेनचंच नाव दिलं. हुकूम अजिबात मानत नाही हे खरं नाही, सरावाने अनेकांना जमतं. लग्नाच्या स्टेजवर दोन तास उभी राहिलेली कुठलीही नवरी विचारा.

२४ जून

ड्यूशेनच्या काही फोटोंत चेहऱ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे भाव आहेत. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा किंवा काहीच नाही. अर्धा चेहरा हाताने झाकून बघा, मग दुसरा अर्धा, अशी वाचकाला सूचना. भाच्याने फलकावर सरकणारी पट्टी बसवायची कल्पना काढली, मुलं पट्टी सरकवतील. हुशार आहे. मी हो म्हटलं आणि मग बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

जाता जाता: मला झालेल्या आजाराला ज्याचं नाव आहे, तो चार्ल्स बेल. त्याने १८०६ मध्ये, म्हणजे ड्यूशेन जन्मला त्याच साली, भावदर्शनाच्या शरीररचनेवर चित्रकारांसाठी पुस्तक काढलं होतं.

२७ जून

फलक ६, डार्विन. त्याचं भावदर्शनावरचं पुस्तक १८७२ चं. हेलिओटाईप या तेव्हाच्या नव्या छपाईने सात पानं फोटोंची, शास्त्राच्या पुस्तकात तोवर दुर्मीळ गोष्ट. ड्यूशेनने आपले फोटो वापरायची परवानगी दिली. परवानगी ड्यूशेनची, म्हाताऱ्याचा प्रश्नच आला नाही.

डार्विनने केलेली एक गोष्ट मला फार आवडते. ड्यूशेनच्या म्हणण्यावर विसंबून न राहता त्याने फोटो काहीही न सांगता घरी आलेल्यांना दाखवले आणि विचारलं, हा काय भाव? विजेने आणलेलं हसू २४ जणांना दाखवलं. तिघांना काहीच सांगता आलं नाही. बाकीच्यांना हसण्यासारखं काहीतरी वाटलं, पण उत्तरं अशी: खवचट विनोद, हसायचा प्रयत्न, दात काढून हसणं, अर्धवट आश्चर्याचं हसू. त्याच म्हाताऱ्याच्या नैसर्गिक हसण्याचा फोटोही शेजारी छापलाय.

आणि एक गोष्ट मुळीच आवडत नाही. भय आणि यातना यांचे म्हाताऱ्याचे दोन फोटो त्याने लाकडावर कोरून घेऊन छापले. त्या कोरीव चित्रांतून ड्यूशेनचे हात गायब. दांडे गायब. उरतो फक्त एक घाबरलेला म्हातारा. वाचकाला भाव नीट दिसावा एवढाच हेतू, मान्य. मजकुरात वीज दिल्याचं सांगितलंय, लपवाछपवी नाही. पण मजकूर किती जण वाचतात आणि चित्र किती जण बघतात, हे फलक करणाऱ्या बाईला विचारा.

भाच्याला सांगितलं: मूळ फोटो आणि कोरीव चित्र शेजारी शेजारी, एकाच मापात, बाण नाहीत, वर्तुळं नाहीत. हात कुठे गेले ते मुलं शोधतील.

बाकीचे बरेचसे फोटो ऑस्कर रेय्लँडर या लंडनच्या स्टुडिओवाल्याचे. किळस, आश्चर्य वगैरे पोझ त्याने स्वतःच दिल्या, दाढीसकट. रडणाऱ्या लहान मुलाचा त्याचा फोटो तेव्हा भलताच गाजला. तोही सरळ फोटो नव्हे, फोटोवरून काढलेल्या चित्राचा फोटो. पण स्वतःच्या चेहऱ्यावर प्रयोग करणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही.

१ जुलै

आज खजिना सापडला आणि तो आमच्याच गावचा निघाला.

डार्विनने १८६७ मध्ये सोळा प्रश्नांची छापील यादी जगभर पाठवली होती. आश्चर्य वाटल्यावर डोळे-तोंड उघडतं का, भुवया वर जातात का, लाजल्यावर लाली येते का, असे प्रश्न. आठवणीवर विसंबून लिहू नका, अशी कळकळीची विनंती. ३६ उत्तरं आली, बरीच मिशनऱ्यांची. हिंदुस्थानातून लिहिणाऱ्यांत कलकत्त्याच्या बोटॅनिक गार्डनचे स्कॉट होते. आणि होते एच. अर्स्किन, मुक्काम मुंबई इलाख्यातला अहमदनगर जिल्हा! आताचं अहिल्यानगर. मी जिथे बसून हे लिहितेय ते.

अर्स्किनसाहेबांनी इथल्या लोकांचे चेहरे निरखले, पण खात्रीचा निष्कर्ष काढणं फार अवघड गेलं. कारण डार्विनने प्रस्तावनेतच दिलंय: युरोपियनांसमोर सगळ्या भावना लपवण्याची यांची सवय.

मी मोठ्याने हसले. सरांना लगेच फोन केला. तेही हसले, मग म्हणाले, "साहेबासमोर उभा असलेला माणूस म्हणजे शेतसाऱ्यासाठी नाहीतर कोर्टकचेरीसाठी आलेला. तो चेहऱ्यावर काय दाखवणार?" अगदी. त्यांनी साहेबाला ताकास तूर लागू दिला नाही. विजेची पेटी नगरपर्यंत आली नाही, नाहीतर त्यांचंही काही चाललं नसतं.

वेगळा फलक करायचा, ७ अ. बाराचे तेरा होतील. दादांना सांगायला हवं.

५ जुलै

फलक ८, वेड्यांची इस्पितळं. पटकन उरकला, मजकूर जास्त झाला तर काटणार. ह्यू डायमंड, इंग्लंडमधल्या सरे परगण्याच्या इस्पितळाच्या स्त्री-विभागाचा प्रमुख, १८४८ ते १८५८. रुग्णांचे फोटो काढून १८५६ मध्ये रॉयल सोसायटीसमोर निबंध वाचला. फोटोचे फायदे सांगितले: आजाराची नोंद राहते, रुग्णाला तिचाच फोटो दाखवला तर उपचाराला मदत होते, आणि सुटलेली बाई पुन्हा दाखल झाली तर ओळख पटते. तिसऱ्या फायद्यावर मी थबकले. पोलीस ठाण्याची भाषा आहे ती.

नंतर वेकफिल्डच्या इस्पितळातला जेम्स क्रिक्टन-ब्राऊन. याने डार्विनला रुग्णांचे अनेक फोटो पाठवले, लांबलचक पत्रं लिहिली. डार्विन इतका भारावला की पुस्तकावर दोघांचं नाव हवं असं त्याला लिहिलं. छापताना मात्र त्या रुग्णांपैकी एकाच बाईचं चित्र घेतलं, तेही कोरीव, केस ताठ उभे राहिलेलं.

९ जुलै

सरांशी भांडण. फलक ९.

सालपेत्रिएरमध्ये ड्यूशेननंतर शार्को आला, मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर. ड्यूशेनला तो गुरू मानायचा. तिथले फोटो १८७६ पासून खंडांनी छापायला लागले, डॉक्टर बूर्नविल, कॅमेऱ्यावर पॉल रेन्यार. सगळ्यात जास्त फोटो निघाले ते ऑगस्टीन नावाच्या मुलीचे. १८७५ मध्ये दाखल झाली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. त्याआधी तिच्यावर अत्याचार झाला होता, तो तिच्या कागदांत नोंदलेला आहे. हिस्टेरियाच्या झटक्यात ती बडबडे, ओरडे, हात पसरे, वर बघे. फोटोंखाली मथळे आले: विनवणी, समाधी, आणि त्याहून वाईट. ती झटक्यात काय बोलत होती तेही त्याच खंडांत छापलंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर कुणाला काही वाटलं नसेल का?

१८८० मध्ये ती पुरुषाच्या कपड्यांत इस्पितळातून पळून गेली.

सर म्हणाले, फोटो लावायलाच हवेत, त्याशिवाय अन्याय दिसणार कसा? शिवाय हक्क केव्हाच संपलेत, कुणीही छापू शकतं. मी म्हटलं, नववीतल्या मुली हा फलक बघणार, त्या वयाची मुलगी गाऊनमध्ये पलंगावर, शेजारी मुलगे खिदळणार. सर: "मग चांभाराचे फोटो कसे चालतात तुला? तो म्हातारा आहे म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला.

१० जुलै

उत्तर अजून नाही, पण निर्णय घेतला. ऑगस्टीनचा फोटो नाही. त्या जागी आल्बेर लोंदचा कॅमेरा. हा सालपेत्रिएरच्या फोटोविभागाचा पुढचा प्रमुख. त्याने आधी नऊ आणि नंतर बारा भिंगांचा कॅमेरा बनवला, भिंगं एकामागून एक उघडत जायची आणि झटक्याचे बारा क्षण बारा चौकोनांत उतरायचे. बारा डोळ्यांचं ते यंत्र समोरून बघितलं की पोटात कालवतं. मुलींना बघू द्या ते.

चांभाराचे फोटो ठेवले. एकच फरक मला दिसतो: त्या फोटोंत डॉक्टरचे हात दिसतात. ड्यूशेन स्वतः चौकटीत उभा आहे, लपलेला नाही. ऑगस्टीनच्या फोटोंत ती एकटीच. हे कारण सरांना पटणार नाही. मलाही पुरतं पटलेलं नाही.

१२ जुलै

फलक १० मध्ये १९२४ चा कार्नी लँडिसचा प्रयोग घ्यायचा होता, मिनेसोटा विद्यापीठातला. माणसांच्या चेहऱ्यावर जळक्या बुचाने रेघा काढायच्या, त्यांना धक्के द्यायचे, शेवटी हातात जिवंत उंदीर देऊन मान कापायला सांगायची आणि फोटो काढायचे. तेरा वर्षांचा एक आजारी मुलगाही त्यात होता. निष्कर्ष: एकेका भावनेचा ठरावीक असा चेहरा सापडत नाही. प्रयोग भयंकर, निष्कर्ष मात्र ड्यूशेनच्या मुळावर येणारा. काळ आपल्या मर्यादेबाहेरचा, शिवाय शाळा. गाळला. त्या जागी युरोपचा नवा कायदा चार ओळींत: चेहऱ्यावरून भावना ओळखणारी यंत्रणा नोकरीच्या ठिकाणी आणि शाळांत वापरायला फेब्रुवारी २०२५ पासून बंदी, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. पोरं म्हणतील, म्हणजे अशी यंत्रणा आहे? आहे.

१६ जुलै

दादांकडे प्रूफ. युनिकोडमधून त्यांच्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरं फुटली. ड्यूशेनचा "डयूशेन", रेय्लँडरचा "रेयलँडर", आणि एका ठिकाणी "स्नायू"चा "सनायू". चार तास बसून दुरुस्त्या. दादा फलक चारकडे बघत म्हणाले, "ताई, म्हाताऱ्याला छळतायत का?" म्हटलं, त्याला दुखत नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हटलं, डॉक्टरने. दादा परत माऊसकडे वळले.

२१ जुलै

भाच्याने शेवटच्या फलकासाठी मित्रमैत्रिणींचे खऱ्या-खोट्या हसण्याचे फोटो काढले. आठ जण. सगळ्यांकडून लेखी घ्यायला लावलं, कुरकुरला पण घेतलं. आज त्यातल्या एकीचा निरोप: माझा काढा. कारण दिलेलं नाही. भाचा म्हणतो, "सही केलीय ना तिने! फाईल दादांकडे गेलीसुद्धा." काढला. मांडणी नव्याने करावी लागली, दादांनी दोनशे रुपये जास्त लावले.

सरांनी सुचवलं होतं की तुझ्याच त्या आजाराचा फोटो लाव, परवानगीचा प्रश्नच नाही (मी त्यांना शेवटी सांगितलं होतं). दोन दिवस विचार केला. नाही लावणार. सरांनी कारण विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

२६ जुलै

लागलं प्रदर्शन. पाऊस मुसळधार, तरी मुलं आली. सरकती पट्टी अर्ध्या तासात निखळली, फेव्हिक्विकने चिकटवली. ७ अ समोर सगळ्यात जास्त गर्दी, आपल्या गावाचं नाव बघून सेल्फी काढत होते.

डार्विनचा खेळ ठेवला होता: विजेचं हसू, मथळा झाकलेला, शेजारी चिठ्ठ्या आणि डबा. संध्याकाळी मोजल्या, ३१ निघाल्या. "दाढ दुखतेय" चार. "खोटं हसतोय" नऊ. "पुढारी" तीन. "लग्नातले फोटो" एक. "हसायला सांगितलंय म्हणून" दोन, दोन्ही मुलींच्या अक्षरात वाटल्या, पण हा माझा अंदाज. "आनंदी आजोबा" सात. चार चिठ्ठ्यांवर नुसती चित्रं. एक कोरी, घडी घालून टाकलेली. तिला कुठल्या रकान्यात घालायचं ते सरांना विचारायचंय, ते म्हणतील अर्स्किनच्या.

एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. फलक चारसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, मग मला विचारलं, "याला पैसे दिले का काही?" मी म्हटलं, पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. "मग विचारून लिहा की," म्हणाल्या.

२ ऑगस्ट

फलक टेम्पोतून पहिल्या शाळेत गेले. पावसाने फलक चारचा कोपरा फुगलाय, लॅमिनेशन सुटलंय, नवीन छापावा लागणार. दादा सोमवारी देतो म्हणाले.

छापायचाच आहे तर दुरुस्त्या: "चांभार" या शब्दानंतर स्वल्पविराम राहिलाय. ड्यूशेनचं जन्मसाल बरोबर आहे, मृत्यूचं, १८७५, टाकायचं राहिलं. खाली उजव्या कोपऱ्यात भाच्याने सगळ्या फलकांसारखं यांत्रिकपणे "छायाचित्र सौजन्य: ड्यूशेन" छापलंय, तेवढी ओळ काढायची. त्या जागी "छायाचित्र: ड्यूशेन", बाकी काही नको.